कडेची सवाष्ण

आमच्या जावयाने, जितेंद्ररावांनी, २००८ च्या दिवाळीत भिंत झाकेल एवढा एलसीडी टीव्ही घेतला आणि त्याच्या जोडीला पाच स्पीकरचं होम थिएटर. वसईतल्या त्यांच्या फ्लॅटचा हॉल असा, की सोफ्यावर बसून पाय लांब केले तर ते टीव्हीला टेकावेत. पण हौसेला मोल नसतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी पडद्यावरची एक गाडी उजव्या कानातून डाव्या कानात जाताना ऐकावी लागे, मगच चहा मिळे.

सगळं अडलं ते जुन्या व्हीसीआरपाशी. लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता आणि स्वप्नाला, म्हणजे माझ्या लेकीला, आपल्या लग्नाची कॅसेट मोठ्या पडद्यावर बघायची होती. रविवारी दुपारी जितेंद्रराव टीव्हीच्या मागे डोकं घालून बसले. व्हीसीआरची पिवळी पिन त्यांनी हिरव्या भोकात खुपसली, चित्र आलं ते काळंपांढरं, आणि मग म्हणाले, "व्हीसीआरच खराब झालाय, आई." नाचता येईना अंगण वाकडं.

"सरा बाजूला," मी म्हटलं.

मला त्यातलं कळतं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत टीव्ही जोडायचा एक कारखाना होता. तो बंद पडेपर्यंत मी तिथे तपासणी विभागात होते, शेवटची वर्षं सुपरवायझर. प्रत्येक सेटवर गोल आणि चौकटींचं एक नमुना-चित्र लावून त्याची उंची-रुंदी ठरवायची, हे आमचं काम. त्यातला पहिला नियम असा, की चित्र काचेपेक्षा थोडं मोठं ठेवायचं. कारण चित्राच्या कडेला घाण असते. व्हीसीआरच्या चित्राला तळाशी एक वळवळणारी फाटकी पट्टी असते, बाजूला काळ्या कडा असतात, आणि कॅमेरावाल्याला नको असलेलंही बरंच काही तिथे असतं. गिऱ्हाइकाला ते दिसू नये म्हणून ते काचेच्या आड ढकलायचं. आपल्या घरातल्या डब्यावर पुरं चित्र कोणी कधी पाहिलेलंच नाही, हे मला ठाऊक होतं. कोणाला सांगायची वेळ आली नव्हती इतकंच.

जितेंद्ररावांनी मुंबईहून एक लहानशी डबी आणली होती. एका बाजूने जुन्या पिना लावायच्या, दुसऱ्या बाजूने नवी चपटी वायर निघते. मी ती जोडली. चित्र आलं, रंगही आले, पण माणसं आडवी फुगलेली. स्वप्ना स्वतःला बघून ओरडलीच. मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र पुन्हा चौकोनी केलं. आणि मग, जुनी खोड, 'पूर्ण चित्र' असा एक पर्याय दिसला तो दाबला. तळाशी ती फाटकी पट्टी वळवळायला लागली. कारखान्यातला ओळखीचा माणूस अचानक रस्त्यात भेटावा तसं मला बरं वाटलं.

एरवी ही कॅसेट लागली की मी स्वयंपाकघरात जाते. त्याचं कारण सांगते. स्वप्नाचं लग्न पंच्याण्णव साली होळी गावात झालं, माझ्या दिरांच्या, धर्मा भावोजींच्या दारात. माझे यजमान, शांताराम, एकोणनव्वद सालीच वारले होते. लग्नाआधी भावोजींनी सगळ्यांदेखत सांगितलं, की वहिनीने हळदीला आणि कन्यादानाला पुढे येऊ नये, लोक नावं ठेवतील. मी पोरीला एकटीने वाढवली होती, तिच्या लग्नाचा खर्च माझ्या पगारातून झाला होता, पण विधवेचा हात हळदीला चालत नव्हता. कन्यादान भावोजींनी आणि जाऊबाईंनी केलं. मी मागच्या खोलीत होते. तिथे केळ्यांचे घड पेंढ्यात पिकत घातलेले होते. त्या गोड, कोंदट वासात बसून मी माझ्या लेकीची मंगलाष्टकं ऐकली. शेजारची लूर्डस तेवढी माझ्यासोबत होती. मांडवातलं जेवणही तिने टाळलं आणि माझा हात धरून बसून राहिली.

पाठवणीच्या वेळी स्वप्ना त्या खोलीत धावत आली, गळ्यात पडली आणि म्हणाली, "आई, तुला आत बसवलं ते चुकलं. मी पाटावरून उठायला हवं होतं." पुढे लग्नाच्या दर वाढदिवसाला तिने हे मला म्हटलं आहे. नवऱ्यासमोरसुद्धा म्हटलं आहे. दुसऱ्या बायकांकडे लेकीच्या लग्नातलं आठवायला पुष्कळ असतं. माझ्याकडे तिचं ते वाक्य होतं, आणि ते मला पुरत होतं.

त्या रविवारी मात्र मी सोफ्यावर बसून राहिले, कारण चित्र मी लावलं होतं. हळद सुरू झाली. पाटावर स्वप्ना, भोवती सवाष्णी, जाऊबाई सगळ्यांत पुढे. आणि डाव्या कडेला, जिथे जुन्या टीव्हीवर काच संपायची तिथे, एक हिरवा पदर.

"ही कोण गं?" स्वप्नाने विचारलं.

"असेल कोणी आत्या-मावशी," मी म्हटलं. पदराखालून एक हात दिसत होता, कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला. कॅमेरा फिरला, माणसं बदलली, तरी तो पदर कडेलाच राहिला. कॅमेरा डावीकडे वळला की तोही तेवढाच डावीकडे सरके.

आणखी एक गोष्ट मला खटकली. तो व्हीसीआर जुना, त्यातून आवाज एकाच पिनेने बाहेर येतो. असा आवाज समोरच्या स्पीकरमधून यायला हवा, मागच्यांनी मुकं राहायला हवं. पण माझ्या मानेमागे, सोफ्याच्या पाठीशी, बांगड्या वाजत होत्या.

मी वायरी तपासल्या. सगळं जागच्या जागी होतं.

पुढच्या रविवारी स्वप्नाने मला मुद्दाम बोलावून घेतलं. तिने दोनतीनदा कॅसेट लावून पाहिली होती. "आई, बस इथे," ती म्हणाली आणि माझ्याकडे न बघता तिने रिमोट दाबला. ती बाई आता अर्धी चित्रात आली होती. हिरवा शालू, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हळदीची वाटी तिच्या हातात होती. तिने मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

ती मी होते.

दिसायला माझ्यासारखी, असं नाही म्हणत मी. माझ्या उजव्या भुवईत लहानपणच्या पडण्याची खूण आहे, ती तिला होती. डावा खांदा उतरता आहे, तोही तसाच.

स्वप्ना रडायला लागली. मला वाटलं घाबरली. मी तिला जवळ घेतलं तेव्हा कळलं, की ती आनंदाने रडते आहे.

"तू होतीस, आई! तू होतीस तिथे!"

"मी नव्हते. मी आत होते, लूर्डसजवळ. तुला माहीत आहे."

"अगं, समोर दिसतंय ना."

"कपाळ बघ तिचं. तुझे बाबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती."

तिने पाहिलं. क्षणभर तिच्या कपाळावर आठी आली आणि मग, कोणी हाताने पुसावी तशी गेली. "लग्नघरात लावलं असशील गं," ती म्हणाली. जितेंद्रराव हसून म्हणाले, "पुराव्यासकट सिद्ध झालं, आई! आता हिची दरवर्षीची रडारड बंद."

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, असं आपणच पोराबाळांना शिकवायचं, आणि मोठ्या पडद्यावर दिसलं की आपणच माना डोलवायच्या. पण मला राग आला तो लेकीचा. तिच्या चेहऱ्यावरून इतक्या वर्षांचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. तिला सुटायचं होतं. आईच्या शब्दापेक्षा तिने ती हिरव्या साडीतली बाई उचलली, कारण ती सोयीची होती.

मी कॅसेट मागून घेऊन तुळिंजला माझ्या घरी आले. रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटच्या पाठीवरची लहान पट्टी तोडतात, ती पूर्वीच तोडलेली होती. त्यावर नंतर काही भरलेलं नव्हतं. माझ्याकडे आमच्याच कारखान्यातला जुना डबा टीव्ही आहे, जोडीला एक व्हीसीआरही. त्यावर कॅसेट लावली. हळद पूर्वीसारखी, जाऊबाई पुढे, कडेला कोणी नाही. जीव भांड्यात पडला. नव्या टीव्हीचाच काही दोष असणार, असं मनाशी म्हणून मी उठले. पण अर्धवट तपासून सेट पुढे सोडायची मला सवय नाही. टीव्हीचं मागचं झाकण काढलं, चित्राची उंची-रुंदी जिथून कमी करतात तो स्क्रू पेचकसाने हळूहळू फिरवला आणि समोर आरसा धरून पाहत राहिले.

चित्र काचेच्या आत आकसत गेलं. चारी बाजूंनी काळी कड आली. आणि कडेच्या आत ती उभीच होती. इतकी वर्षं, प्रत्येक वेळी, काचेपलीकडे बोटभर अंतरावर.

आरशातून तिने माझ्याकडे पाहिलं. मी प्लग उपटला.

लग्नाच्या वाढदिवसाला मी गेले, कारण न जाणं मला जमलं नाही. कॅसेट परत नेली, कारण स्वप्नाने चारदा निरोप पाठवला होता. गोडधोड झालं, औक्षण झालं. मी वाट बघत होते. दरवर्षी औक्षण झालं की ती मला आतल्या खोलीत नेते आणि ते म्हणते. या वर्षी तिने मला हाताला धरून हॉलमध्ये नेलं आणि कॅसेट लावली.

आता कन्यादान होतं. भटजी, होम, स्वप्नाची ओंजळ. तिच्या ओंजळीवर पाण्याची धार धरणारी बाई जाऊबाई नव्हती.

शेजारी पाटावर कोणी पुरुष बसलेला होता. त्याची कॅमेऱ्याकडे पाठ होती. भावोजी तर मागे खांबाला टेकून उभे दिसत होते.

"बघ ना, किती छान दिसतेस," स्वप्ना म्हणाली. "मी उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलं. तू कॅसेट नेण्याआधीच सीडी करून घेतल्या, सगळ्यांना वाटल्यात मी."

"स्वप्ना, तू त्या खोलीत आली होतीस. माझ्या गळ्यात पडली होतीस. काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

तिने रिमोट खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलत नव्हती ती. तेच वाईट होतं.

"कुठल्या खोलीत, आई?"

मी चप्पल घातली आणि निघाले ती थेट होळी गावाला. धर्मा भावोजी ओट्यावर विड्याची पानं चळत लावून ठेवत होते. ज्यांनी मला आत बसवलं ते तरी विसरणार नाहीत, असं मला वाटत होतं. माणूस आपला हट्ट विसरत नाही. मी न बसताच विचारलं, "भावोजी, स्वप्नाच्या लग्नात मला मागच्या खोलीत कोणी बसवलं?"

"काय बोलतेस, वहिनी?" त्यांच्या हातातली पानं तशीच राहिली. "तुला कोन आत बसवनार? लोकं कुजबुजत व्हती, ती मीच गप केली. मीच तुला मान देऊन पाटावर बसवली. सीडी बघितली ना मी, पोरीने दिलेली."

त्यांचा चेहरा इतका निर्मळ होता की मला किळस आली. भांडता येईल असं त्या चेहऱ्यावर काही उरलंच नव्हतं. आतून जाऊबाई पाणी घेऊन आल्या. त्यांनीही मान हलवली.

एक खरं, की या सगळ्यांनी ती सीडी पाहिलेली होती. डोळ्यांनी पाहिलं की मन त्याला चिकटतं, मागचं खोडून टाकतं. असं होत असावं. मी तेवढा आधार धरला, कारण एक माणूस अजून बाकी होतं.

लूर्डस पलीकडच्या घरात एकटी राहते. अंगणात खुर्ची टाकून ती वालाच्या शेंगा सोलत होती. मी तिच्यापाशी टेकले. आधी टीव्हीची चौकशी केली. "कुठला टीवी?" ती म्हणाली. "बंद पडला तो पडलाच. मला नाय त्याची गरज." सीडी तिला कोणी दिली नव्हती. दिली असती तरी तिने ती कशात लावली असती?

मला हायसं वाटलं. मी शेंगा सोलायला घेतल्या. "लूर्डस, स्वप्नाच्या लग्नात आपण दोघी मागच्या खोलीत बसलो होतो ना गं?"

"हो, बसली व्हती की मी."

माझे डोळे भरून आले.

"एकटीच," ती म्हणाली. "केळ्यांचा काय वास तो! तू मला बोलली, लूर्डस, तू बस, मी आलीच. हिरवा शालू नेसून ग्येलीस. मी आपली वाट बघत बसली."

"मला बोलवायला कोण आलं होतं?"

"कोन म्हंजे? शांताराम. दाराशी उभा व्हता. चल बोलला, पाटावर बसायचाय आपल्याला." ती हसली. "बरा हाय ना तो? लय दिवसात बाजारात दिसला नाय."

एकोणनव्वद साली माझ्या हातातल्या बांगड्या काढत होते, तेव्हा मला पाठीमागून घट्ट धरून बसली होती ती हीच लूर्डस. माझं रडणं तिच्या छातीवर झालं होतं.

मी मूठभर दाणे तिच्या सुपात ठेवले आणि उठले.

त्यानंतरचे काही दिवस मी कोणाकडे गेले नाही. घरात सगळं होतं तसंच होतं. माझे हात भुंडे, माझं कपाळ मोकळं. मी आरशात पाहून खात्री करत होते, याचीच लाज वाटे. मला वेड लागलेलं नाही. मी वेडी असते तर मला ते सुखाचं दिसलं असतं, त्यांना नाही.

एका संध्याकाळी दिवा लावत होते. खाली तुळिंजच्या बाजारात भाजीवाल्यांचा गलका चालला होता. फोन वाजला. स्वप्नाच होती. कशी आहेस, येत का नाहीस, रागावलीस का. तिचा आवाज मायेचा होता. त्या आवाजाने मी विरघळले. ठरवलं, शेवटचं एकदा विचारायचं.

"स्वप्ना, तुझे बाबा वारले तेव्हा तू कितवीत होतीस?"

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज बारीक केला.

"आई, तिन्हीसांजेला असलं अभद्र बोलू नये गं," ती हळूच म्हणाली. "दे बघू त्यांच्याकडे फोन."

"स्वप्ना, ऐक. इथे मी..."

"हां, बाबा!"

मी फोन कोणाकडेच दिला नव्हता. तो माझ्याच कानाला होता, माझ्याच मुठीत. घरात मी एकटी होते.

ती बोलत होती. मधे थांबायची, ऐकायची, हं म्हणायची. मला पलीकडून तिच्या श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. एकदा ती हसली. लहानपणी फक्त त्यांच्याजवळ हसायची तशी.

"हो ना, मलाही तेच वाटतं," ती म्हणाली. "सारखं आपलं आत बसवलं, आत बसवलं. नाही हो बाबा, तिला नाही सांगणार मी काही."

मी फोन तसाच कानाला धरून उभी होते.

मग तिने आवाज आणखी खाली आणला.

"तुमच्या शेजारीच उभी आहे ना ती? मग हळू बोला."